जोखीम क्रमांक चौदा

माहितीपुस्तिकेच्या एकशे बाराव्या पानावर
मी लिहिलं होतं: वारा वाहीलच
याची कंपनी हमी देऊ शकत नाही.

वकील म्हणाले, छान. पुढचं घ्या.

कंपनी सरकारची. तिचा चौथा हिस्सा
हाँगकाँगच्या बाजारात उतरायचा होता
आणि मी, दोन भाषांमधला पगारी हमाल,
शिलिंगोलच्या गवतात उभा होतो शहरी बुटांनी,
मनोरे खरोखर आहेत का
आणि कागदावर आहेत तितकेच आहेत का, ते बघायला.

एकशे चौतीस. भरले.

एकाच्या सावलीत मेंढ्या बसल्या होत्या.
सावली सरकली की त्याही उठून सरकायच्या,
न भांडता, एकामागे एक.
हे कुठल्याच प्रकरणात घालता आलं नाही.

ओयुनबिलिगनं चहा दिला, दुधाचा, खारट,
वर भाजलेली बाजरी तरंगत होती.
त्याच्या कुरणात तीन मनोरे. मोबदला एकदाच मिळाला,
त्यात थोरलीचं कॉलेज झालं आणि एक मोटरसायकल.
थोरली, सोलोंगो, आता त्याच मनोऱ्यांत चढते,
कमरेला दोर, सत्तर मीटर,
ग्रीस भरायला.

मी विचारलं, वारा कधी पडतो इथं?
तो म्हणाला, कुठला?
आणि बोटांवर मोजू लागला:
घोड्याच्या पापण्या गोठवणारा,
मेंढ्या व्यायच्या दिवसांत मातीची भिंत उचलून आणणारा,
आणि एक, ज्याला नाव नाही,
आई त्याच्यात लोकर वाळवायची.

मी वहीत लिहिलं:
सरासरी आठ पूर्णांक एक मीटर, दर सेकंदाला.

नोंदणीच्या दिवशी मी मागच्या रांगेत.
अध्यक्षांनी लाल फीत बांधलेला दांडा उचलला,
पितळी थाळ्यावर हाणला.
पहिला भाव साडेसात. मग आठ. मग आठच्या वर.
शेजारचा कानात म्हणाला, बांधली बुवा वाऱ्याची मोट.
त्याच्या तोंडाला कोळंबीचा वास होता.

खिशात फोन थरथरला. सोलोंगो:
इकडे आज असा वारा की कुत्र्याला उभं राहवत नाही.
आणि मनोरे बंद. ग्रिडला वीज नकोय,
वरून हुकूम आला, पाती वळवून ठेवा.
एकशे चौतीसच्या एकशे चौतीस.
बाबा मघापासून बाहेर उभे आहेत.
म्हणतात, किती वर्षांनी नुसता वारा ऐकू येतोय.

पडद्यावर हिरवे आकडे धावत होते.
मी मनात पुस्तिका उघडली.
वारा वाहील आणि कुणाला तो नको असेल,
हेही होतं तिच्यात. क्रमांक एकोणतीस.
मीच केलेलं भाषांतर,
बहुतेक जेवणाआधी, घाईत.

बाजार मिटला तेव्हा भाव सात नव्वद.

तिला लिहिलं: कसा ऐकू येतो?
उत्तर आलं नाही.
तीही बाहेर गेली असावी.