अळूची बदली

महापालिकेचा जेसीबी गल्लीच्या तोंडाशी आला
तेव्हा ललिता म्हणाली, आधी अळू काढा.
मी म्हणालो, आधी चहा.

न्हाणीच्या मागं, मोरीचं पाणी बाहेर पडतं तिथं
बावीस वर्षं उभा होता.
आमच्या अंगावरून उतरलेलं पाणी प्यायलेला :
साबणाचं, शिकेकाईचं, तांदूळ धुतल्याचं,
पोरांच्या ताप उतरल्यावरच्या पहिल्या आंघोळीचं,
आणि आई गेली त्या दिवशी
सगळ्यांनी एकामागून एक डोक्यावरून घेतलं, तेही.
त्यानं निवडून काही घेतलं नाही.
पानं सुपाएवढी.

आता ते पाणी पाइपातून जाणार.
काका, आता वास नाही, डास नाही, ठेकेदाराचा माणूस म्हणाला.
अळूपण नाही, मी म्हणालो.
तो हसला. मेहबूब नाव, बाळ्याचा.
घ्या की अर्धा तास, म्हणाला, आणि तंबाखू मळत बसला.

चाळीस वर्षं मी माग दुरुस्त केले,
खटक्याच्या आवाजावरून सांगायचो कुठला नट सैल झाला ते.
पण अळू कसा उपटतात ठाऊक नव्हतं.
उपटत नाहीत, उचलतात, ती म्हणाली.
पहार लांबून घाला. अजून लांबून.
तुमचा पाय काढा तिथनं.

मधला गड्डा निघाला, नारळाएवढा, केसाळ,
बुडाशी काळा पडून गेलेला,
आणि त्याला धरून बसलेली पिल्लं. अकरा.
तिनं विळीवर एकेक सोडवलं, कापल्या जागी राख दाबली,
मोठी पानं सगळी उडवली,
पोटातली गुंडाळी तेवढी ठेवली.
एवढी पुरे, म्हणाली, बाकीची पाणी मागत बसतात.
हाताला आधी तेल लावा, असं तिनं सांगितलं होतं.
संध्याकाळपर्यंत मी चिंच चोळत होतो.

पिल्लं ओल्या टॉवेलात गुंडाळली.
टॉवेल आमच्याच कारखान्याचा, सेकंडचा,
मधे एक जाड रेघ आलेली.
ती रेघ मी ओळखतो.
त्या दिवशी माग माझ्याच हाताखाली होता.

पुढच्या अंगाला, कूलरच्या ठिबकण्याखाली आळं केलं.
ते ठिबकणं किती पुरणार?
नळ पाचव्या दिवशी, तोही रात्री दोनला.
म्हणून ललितानं फर्मान काढलं :
घमेल्यात बसून आंघोळ करायची, पाणी अळूला.
चौसष्टाव्या वर्षी मी घमेल्यात बसलो.
गुडघे कानाशी.

मे महिना. दुपारी बारालाच पानं मान टाकायची.
नागम्मा चिप्पा कुंपणावरून ओरडायची,
नीळ्ळु पोय्यि, नीळ्ळु!
पाणी घाल, पाणी. जणू कुठल्याच भाषेत
मला ते सुचलं नसतं.
अकरातली सात गेली. एकाला तर मी
मेल्यावरही चार दिवस पाणी घातलं.

परवा बादली ठेवायला मागं गेलो.
नवं सिमेंट, चेंबरचं झाकण, महापालिकेचा शिक्का,
आणि कडेच्या फटीतून
एक हिरवी गुंडाळी, बोटभर.
बारावं. आमच्या मोजणीत नसलेलं.

मिरगाचा अजून पत्ता नाही. माती मात्र ओली.
म्हणजे खाली सांधा गळतोय.
मी कान लावला. गळतोय.

ललिताला हाक मारली. अर्ज द्यायला हवा, म्हणालो.
ती खाली बसली, पानाला हात लावला नाही,
नुसतं बघितलं.
कसला अर्ज? म्हणाली.

घमेलं आता माळ्यावर आहे.
पुढच्या चौघांना ती भांड्यांचं पाणी घालते.
मी न्हाणीत आंघोळ करतो, पूर्वीसारखी,
आणि तोंड धुताना
चूळ जरा मोठी भरतो.