गळ्याचं माप

रोन नदीच्या वरच्या अंगाला, आमच्या खोऱ्यात
मापं घेताना मी गळा शेवटी घ्यायचे.
फीत पुरायची नाही कधी कधी.
क्रेसेंझियाबाई हसून म्हणायच्या,
"दोन बोटं सैलच ठेव, फिलोमेना,
हिवाळ्यात अजून वाढेल."

गलगंड झाकायला मखमली पट्ट्या शिवल्या मी,
नवरीच्यासुद्धा.
वितळल्या बर्फाचं पाणी प्यायचो सगळे;
समुद्र कुणी पाहिला होता?

मग डॉक्टर आला खेचरावरून,
कोठारात फावड्याने मीठ कालवत राहिला दिवसभर.
आयोडीन, म्हणाला. इतकंसं,
की जन्माला पुरेल एवढं एका चमच्यात मावतं.
म्हातारे म्हणाले, विष.
मी चाखलं. मीठच होतं.

आता शाळेतल्या पोरींच्या कॉलरींना
एक वीत कापड पुरतं.
मखमलीच्या ताग्याला कसर लागली.
लागू दे.

ओटिलिया, माझी धाकटी, चाळिशीची,
चुलीपाशी बसते. बोलली नाही कधी.
तिच्या सूपमध्ये मी चिमूटभर जास्तच टाकते.
डॉक्टर म्हणतो, आता उपयोग नाही,
आईच्या पोटात असताना मिळायला हवं होतं.

ठाऊक आहे मला.
पण तिला अळणी चालत नाही.