चांदीचं उलथणं

कासम बुरोंडकरच्या भंगारात ते आलं,
होडीच्या गंजक्या नांगराखाली, पोत्यात,
काळं, तव्याच्या बुडासारखं.
"पितळेच्या भावाने ने," म्हणाला.
मी नखाने कड खरवडली
आणि काही बोललो नाही.
तीस वर्षं दापोलीत घड्याळं दुरुस्त करतोय,
गप्प राहण्याची किंमत कळते.

रात्रभर रिठ्याच्या पाण्यात.
सकाळी डोळ्याला भिंग चढवलं,
तेच, ज्यातून केसाएवढी कमान बघतो,
तर दांड्याच्या पाठीवर चार ठसे:
नांगर, मुकुटातला चेहरा,
एक अक्षर, अर्धं झिजलेलं,
आणि सिंह.
सिंह कधीच न पाहिलेल्याने पाडलेला,
शेपूट वर, कान खाली,
कॅम्पातलं कुत्रं भाकरीची वाट बघतं तसा.

म्हणजे विलायतेचं नव्हे.
इथलाच कुणी शेट,
साहेबाचा चमचा पुढ्यात ठेवून
पोलादी खिळ्याच्या तोंडावर
सगळं उलटं कोरत बसलेला.
साहेब चर्चमागच्या रानात आडवा आहे.
त्याच्या दगडावर नाव आहे, हुद्दा आहे,
ताप कुठल्या तारखेला चढला तेही.

माझ्याकडे वही आहे.
मीठदाणी (आतून खाऱ्याने खाल्लेली), मोहरीची कुपी,
साखरेचा चिमटा, एक पाय तुटका,
अशा सत्तावीस वस्तू.
घडवणाऱ्याच्या रकान्यात
सत्तावीस वेळा 'अज्ञात', माझ्याच वळणदार अक्षरात.

पात्यावर जाळी कापलेली, मधोमध मासा.
असल्या चांदीवर तिकडच्या थंड नदीतला मासा असतो,
भरल्या अंगाचा, ठिपक्याठिपक्यांचा.
हा सडपातळ, नाक निमुळतं, ठिपका एकही नाही.
मी लिहिलं: 'कारागिरी कच्ची.'

हर्णैची सुभद्रा चोगले सेल बदलायला आली,
पाटी बाहेर ठेवून.
"मुडदुशी," म्हणाली.
"कुठाय?"
"ही काय. आंजर्ल्याच्या खाडीतली.
वाळूत तोंड खुपसते, म्हणून नाक असं.
कल्ला बघ कसा काढलाय.
खाल्लेल्याने काढलाय हा."
आणि घड्याळ कानाला लावत
पाटी उचलून गेली.

'कच्ची' खोडलं.
'अज्ञात'पाशी पेन अडलं,
कारण नाव काही अजून नाहीच.
साहेब म्हणाला असेल, मासा काढ,
याने आदल्या दिवशी पानात होता तो काढला.

रात्री ते कपाटात ठेवलं नाही.
तव्यावर रवा लावलेल्या दोन मुडदुश्या,
खाली सारलं, उलटल्या.
दांडा लगेच तापला, बोट चटकलं.
चांदी तापणारच.
साहेबाला हे कधी कळलं नसेल,
तो तव्यापाशी आलाच नाही.
करणाऱ्याला ठाऊक होतं.
मी फडकं गुंडाळलं आणि पुन्हा धरलं,
अंगठा नेमका त्या कुत्र्यावर.