पान एक्केचाळीस

विषय क्रमांक नऊ.
घरकुलांसाठी जागा निश्चित करणेबाबत.
पंखा तीनवर, खिडकीबाहेर धरणगावचं ऑक्टोबरातलं ऊन,
आणि मी इतिवृत्ताच्या वहीत
तारखेखाली दोनदा रेघ मारून बसलेलो.

जागा तीन होत्या.
पहिली दवाखान्यामागची, सगळ्यांना आवडायची,
कागदावर.
शेजारच्या कॉलनीने एकशे बारा सह्यांची हरकत दिलेली:
मुलांच्या अभ्यासावर परिणाम होईल.
कशाचा, ते लिहिलेलं नव्हतं.
दुसरी जिनिंगच्या भिंतीला लागून.
तिथे एका सदस्याचे सरकीचे ट्रक उभे राहतात,
म्हणून ती तांत्रिकदृष्ट्या अरुंद निघाली.
उरली नाल्यापलीकडची, गट नंबर दोनशे सदतीस.
तिथे हरकत घ्यायला कुणी राहतच नव्हतं.
टिटव्या होत्या. टिटव्यांना सही येत नाही.

सूचक हेमलताताई, अनुमोदक रज्जाकशेठ.
बाकं वाजली. चहा आला.

तेवढ्यात मागच्या भिंतीपाशी सुपडू उभा राहिला.
यादीत त्याचं नाव चौसष्टावं.
जन्मभर दुसऱ्यांच्या विहिरी खोदल्या,
आवाज अजून तळातूनच येतो.
"ती माटी जित्ती शे भाऊ.
पानी पिसन फुगस, ऊन लागनं का फाटस.
भीत उभी चिरी जाई."

अध्यक्षा म्हणाल्या, अभियंत्यांनी पाहणी केलेली आहे.
अभियंत्याने मान हलवली.
पाहणी श्रावणात झाली होती,
चिखलात बूट रुततील म्हणून रस्त्यावरूनच.

सुपडूने खिशातून सुतळीची गुंडी काढली.
टोकाला लोखंडी नट, वर कुठेतरी एक गाठ.
"वैशाखमा भेगमा सोडी व्हती.
आठे लगून गई."
त्याने ती टेबलावर सरळ केली.
नटापासून गाठीपर्यंत
ठरावाचा मसुदा, बिस्किटांची ताटली,
मुख्याधिकाऱ्यांचा मोबाईल, सगळं आलं.
उरलेली सुतळी कडेवरून खाली लोंबत राहिली.

कोणी काही बोललं नाही.
मग बोलले.
विषय क्रमांक दहा, कोंडवाड्याचा लिलाव.

मी लिहिलं: सर्वानुमते मंजूर.
लाभार्थ्यांनी समाधान व्यक्त केले.
तेवीस वर्षं हे वाक्य लिहितोय,
हात आपोआप वळतो.

संध्याकाळी दिवे घालवताना सुतळी टेबलाखाली सापडली.
घरी न्यावी, तर माझी नाही.
टाकावी, तर कुठे टाकायची गाठ मारलेली वस्तू?
फाईलला टॅग ओवत होतो,
चाळीस पानं झाली होती.
अनुक्रमणिकेत लिहिलं, माझ्याच अक्षरात:
पान एक्केचाळीस. सुतळी. नग एक.

जळगावहून फाईल परत आली सातव्या महिन्यात.
हिरव्या शाईत एकच शेरा:
पान ४१ चा खुलासा व्हावा.

खुलाशात काय लिहायचं, कळेना,
म्हणून काल रविवारी सायकल काढली,
नाला ओलांडला.
वैशाखच होता.
गुडघे टेकून नट सोडला.
सुतळी बोटांतून जात राहिली,
गाठ आली,
गाठही गेली.
राहिलेलं टोक करंगळीला गुंडाळून
बराच वेळ तसाच वाकून बसलो.

डोक्यावर टिटवी ओरडत होती.
तिची हरकत
नोंदवून घेतली.