भोंग्याची नोंद

इतवारीत, बाइंडिंगच्या दुकानावर,
अकरा पायऱ्या चढलं की आमचं इतिहास मंडळ.
नोंदणीकृत. सभासद सदतीस,
वर्गणी भरलेले नऊ.
एक लोखंडी कपाट, त्याचं कुलूप किल्लीशिवायही उघडतं,
म्हणून आत मौल्यवान काही नाही असं
खजिनदार पौनीकर बाहेर सांगत असतात.

आत बुजवलेल्या विहिरीची गडगडी आहे,
संत्र्याच्या पेट्यांवरची लेबलं अठरा,
त्यातली चार आमच्याआधी वाळवीनं वाचलेली,
आणि कोण्या पोराच्या वहीत, वाकड्या अक्षरात,
मारबतीमागं ओरडायच्या घोषणा:
रॉकेलची रांग घेऊन जा गे मारबत.
ती घेऊन गेली. वही राहिली.

मे महिन्यातला रविवार,
कूलरमध्ये पाणी ओतायची पाळी माझी.
प्रमिलाबाई गजभिये आल्या
पदराच्या गाठीत पितळी बिल्ला घेऊन.
मी रजिस्टर उघडलं.
वस्तू: बिल्ला, मिल कामगाराचा.
कोणाचा: मी 'कै.' लिहिलं, त्या म्हणाल्या, कालकथित लिहा.
खोडून लिहिलं.
अवस्था: घासून गुळगुळीत,
आकडा बोटाला कळतो, डोळ्याला नाही.

सही करता करता त्यांनी विचारलं,
"अन् भोंगा? भोंगा नाही ठेवला का तुम्ही?"

ठेवला नव्हता.
जिथून तो वाजायचा तिथं आता सरकते जिने आहेत,
आणि त्या सबंध काळात कोणालाही
तो जपून ठेवावासा वाटला नव्हता.
रोज येणाऱ्याला कोण जपतं?

मग पुढचे सहा रविवार आम्ही दारोदार.
तांडापेठेतल्या अंजनाबाई नंदनवार म्हणाल्या,
"आमच्या घरी हातमाग. मिलचा भोंगा झाला
की सासरे शिवी द्यायचे,
अन् त्या शिवीवर माझा चहा चढायचा."
मोमिनपुऱ्यातले एहतेशामभाई म्हणाले,
थंडीत तो दोन मिनिटं उशिरा यायचा, माणसासारखा.
"म्हशीवाणी आवाज."
"नाही बे, शंखावाणी."
भोंगा बंद पडला तेव्हा जन्मलेलीही नव्हती
अशी एक मुलगी छातीठोक म्हणाली, मी ऐकलाय.
तेही लिहून घेतलं.

अडलं ते अवस्थेच्या रकान्यापाशी.
पौनीकर म्हणाले, नष्ट लिहा.
बॉयलरवरचे म्हातारे फिटर बोकडे
(कान गेलेले, ओठ वाचून भांडतात)
उसळले: "नष्ट काहून?
मले रोज पहाटे साडेपाचले जाग येऊन राह्यली, ते कायची?"
रकाना कोराच राहिला.
चहाचे एकशेचाळीस रुपये मात्र खर्ची पडले.

शेवटी प्रमिलाबाईंनाच बसवलं.
फोन स्टीलच्या डब्यात उभा केला, घुमावा म्हणून.
कूलर बंद केला. घाम सगळ्यांना.
बोकड्यांनी हातानं सांगितलं,
आधी थुंकायचा, मग चढायचा.

बाईंनी डोळे मिटले.
आधी थुंकल्यासारखी कोरडी वाफ,
मग पोटातून, कंबर धरून, वर, आणखी वर,
पत्र्याला लागेस्तोवर.
डब्याचं झाकण थरथरलं.
बोकड्यांनी टेबलावर तळहात ठेवला होता,
ते तळहातानं ऐकत होते.
आवाज संपला तेव्हा बाईंनी सवयीनं
शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं,
डबा भरून तयार आहे असं सांगायला.

दुपारचे सव्वातीन.
खाली बाइंडर शेषराव,
ज्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं,
त्यानं सुई ठेवली,
खळीचे हात पँटला पुसले,
स्टुलावर चढला
आणि भिंतीवरच्या घड्याळाचे काटे
साडेतीनवर आणले. दुसऱ्या पाळीची वेळ.

जिन्यातून आम्ही सगळ्यांनी पाहिलं.
पौनीकरांनी स्वतःचं मनगट पाहिलं,
चष्मा काढला, घातला,
आणि कार्यवृत्तात वेळ लिहिली:
साडेतीन.