खळं

वळसंगच्या रेवणसिद्धची गाय,
कानात पिवळा बिल्ला, शेवटी चार-शून्य-सात.
शेण आलं श्रीखंडाच्या डब्यातून,
रबराखाली चिठ्ठी :
मॅडम, वासरूपण हगतंय.

रात्रभर उबेत ठेवली काचेची बशी.
सहा औषधांच्या सहा चकत्या, टिकलीएवढ्या.
औषध लागू पडलं
की चकतीभोवती खळं पडतं,
चंद्राला पडतं तसं.
नाहीतर मंगळवेढ्याच्या आमच्या रानात
ज्वारी मळायला बाबा करायचे तसं,
चोपून, सारवून,
आत गवताचं पातं नाही.

सकाळी झाकण काढलं.
पाच चकत्यांना खळं
औषधालासुद्धा नाही.
अगदी खेटून आलेली जंतूंची साय,
दाट, निवांत.

सहावीला आहे, नखाएवढं.
ते औषध सिव्हिलमध्ये
बाकी सगळी हरल्यावर काढतात.
परवा आईला लावलं.

फोनवर रेवणसिद्ध म्हणाला,
"सड सुजला की तेच टोचतोय की हो.
बाटलीत उरतंय थोडं,
ते वासराला. टाकून कशाला द्यायचं?"

मी हं म्हटलं.
बशी उजेडाकडे धरली,
पट्टी लावून सहावं खळं
पुन्हा मोजलं.
मघापेक्षा कमीच भरलं.