ॲव्हरेज

दोन लाख दहा हजार.
त्यातले चाळीस भिशीचे, बाकीचे परकरांचे,
नेफ्यात नाडी ओवावी तसे सरकवत आणलेले.
स्कूटरला गठ्ठा बांधून परशराम निघाला की
वडगावच्या कोपऱ्यावरची पोरं ओरडतात, उंट चालला!

शट्टुप्पा मिस्त्री म्हणाला,
रोजचं सत्तर किलोमीटर असलं तरच डिझेल घ्या वहिनी,
न्हाईतर टर्बोला खोकला आणि तुमच्या पैशाला दमा.
मी बोटांवर मोजलं. खानापूर, नंदगड, संकेश्वर,
गोकाकच्या दोन उधारीवाल्या.
सत्तर काय, शंभर होतंय.

पहिली बघितली निपाणीत. एमएच नऊची, लाल,
दारात तोंड दिसेल अशी.
शट्टुप्पानं खिशातलं लोहचुंबक त्याच दाराला लावलं.
ते टपकन खाली पडलं.
दार न्हवं हे, शाडूचा गणपती हाय, म्हणाला.
शिवाय टॅक्स इकडचा नवा, एनओसीला कोल्हापूरचे हेलपाटे.
सीमेचा प्रश्न आमच्या घरी असा येतो,
आरटीओच्या खिडकीतून.

दुसरीचा मीटर अठ्ठेचाळीस हजार सांगत होता.
खरं क्लचच्या पेडलचं रबर
भाकरी थापणाऱ्या तळव्यासारखं गुळगुळीत.
रबर कोण मागं फिरवत न्हाई, एवढंच बोलून
शट्टुप्पा चहा न घेता उठला.

तिसरी संकेश्वरात.
केईबीतून रिटायर झालेले गुरुसिद्धप्पा,
जन्मभर लोकांचे मीटर वाचलेले.
पांढरी स्विफ्ट, तेराची. पंधरातली बारा वर्षं सरलेली.
गाडी छलो ऐत्रि, म्हणाले,
आणि आतून एक वही आणून माझ्या हातात दिली.

शट्टुप्पानं ऑइलचं झाकण काढलं, धूर हुंगला,
स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून एक डोळा मिटला.
सायलेन्सरपुढं पांढरा रुमाल धरला.
मी वही उघडली. सगळं कानडीत.
पाट्या बघून दुकान ओळखते मी,
खरं हाताच्या आकड्यांपाशी अडते.
प्रणालीला पुढं केलं. ती शाळेत वाचतात तसं वाचत गेली:
तारीख, लिटर, एकवीस पॉइंट चार. मिरज.
बावीस. मिरज.
एकवीस पॉइंट आठ. मिरज.
सगळे मंगळवार, आई.
दोन पानं मंगळवारच.
मग एका ओळीत फक्त जातानाचं किलोमीटर.
येतानाचं नाही.
मग चार महिने कोरे.
मग दहा लिटर, आणि पुढं गावच नाही.

बॅटरी उतरते म्हणून फिरवतो, गुरुसिद्धप्पा म्हणाले.
गल्लीच्या टोकापर्यंत.

शट्टुप्पा कानाशी आला. इंजिन सोनं हाय,
दोन टायर गेल्यात, चेन थोडी वाजतीया.
पंचवीस कमी करून मागा.

मी मागितलं. का नाही मागणार?
गप्प बसलं की भाव उतरतो,
हे मला परकरांनी शिकवलंय.
ते दोन तीसवर होते. मी जमिनीकडं बघत राहिले.
दोन पाचला त्यांनी मान हलवली, आणि मला
जिंकल्यासारखं वाटलं, ते चहा संपेपर्यंतच टिकलं.

डावी सीट मागं पाडलेली होती, अगदी झोपवलेली.
परशरामनं खटक्याला हात घातला.
थांब्री, म्हणाले ते. वाकले, गुडघा वाजला,
सीट स्वतः उभी केली,
पाठीवरून एकदा हात फिरवला, धूळ झटकावी तसा.

वही दिली नाही. शेवटचं रीडिंग घेतलं,
खाली सही केली, ऑफिसात करत असतील तशी,
आणि बनियनच्या खिशात ठेवली.

गावाबाहेरच्या पंपावर टाकी भरली.
परकरांच्या बिलबुकाच्या मागच्या पानावर
मी रेघा मारल्या. तारीख, लिटर, किलोमीटर.
प्रणाली म्हणाली, कानडीत लिहू?
तुझं तुला जमेल तसं लिही, म्हटलं.
पुढं गावाची जागा राहिली.
वडगाव घाल, परशराम म्हणाला,
कधी न्हाई ते हळू चालवत.
मी पेन घेतला
आणि आधी टायरांचा खर्च मांडला.